भागाकारातला खालचा आकडा

२०१९ च्या मार्चअखेर स्टेट बँकेचा शेअर तीनशे वीस रुपयांच्या आसपास होता आणि त्या सालचा शेअरमागे नफा होता सत्त्याण्णव पैसे. भागून बघा, तीनशे तीस येतात. भाव नफ्याच्या किती पट आहे हे सांगणारा हा आकडा म्हणजे पीई. चार वर्षांनी, २०२३ च्या मार्चअखेर, तोच शेअर पाचशे चोवीसच्या घरात गेला होता. शेअरमागे नफा छप्पन रुपये, म्हणजे पीई नवाच्या जरा वर. शेअर तीनशे वीसला मिळत होता तेव्हा कागदोपत्री तो भयंकर महाग होता आणि पाचशे चोवीसला गेल्यावर एकदम स्वस्त झाला!

बेंगळुरूच्या आयटी कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याने मोबाइलवर या शेअरच्या पीईचा आलेख पाठवला. दहा वर्षांची रेघ दहा-पंधराच्या आसपास निवांत सरपटते, मध्येच एका ठिकाणी छप्पर फाडून वर जाते आणि परत खाली येऊन पडते. खाली त्याचा प्रश्न : ‘मामा, या साइटचा डेटा चुकलाय की काय हो?’

डेटा बरोबर होता. निपाणीतल्या माझ्या टेबलावर जी वही आहे, तिच्यात हाच आकडा पेनाने लिहिलेला आहे. माझं काम आयकराचे रिटर्न भरण्याचं आणि चिकोडी-हुक्केरी-संकेश्वर पट्ट्यातल्या पतसंस्थांच्या हिशोब तपासणीचं. दिवसभर जमा-नावे बघणाऱ्या माणसाला शेअर बाजाराचा नाद लागला की तो भावाऐवजी ताळेबंद वाचत बसतो, तसं माझं झालंय. वहीत फक्त बँका आहेत. साल, मार्चअखेरचा भाव, शेअरमागे नफा, पीई आणि शेवटच्या रकान्यात तरतुदी. हा शेवटचा रकाना कुठल्या आलेखात दिसत नाही. माझ्या मते बँकेच्या पीईचा सगळा इतिहास त्याच रकान्यात आहे.

पीई हा साधा भागाकार. वर शेअरचा भाव, खाली शेअरमागे नफा. लोकांचं सगळं लक्ष वरच्या आकड्याकडे, कारण तो रोज हलतो, टीव्हीवर पळतो. साबण विकणाऱ्या कंपनीत हे चालून जातं. तिथं खालचा आकडा सालोसाल थोडाथोडा वाढत असतो. बँकेत मात्र खालच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कसा तयार झाला ते विचारावं लागतं. बँक कर्जावर व्याज मिळवते, ठेवींवर व्याज देते, पगार-भाडं-वीजबिल भागवते. इतकं झाल्यावर उरतो तो ढोबळ नफा. इंग्रजी अहवालात त्याला ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणतात. इथपर्यंत फारशी लपवाछपवी होत नाही. त्याच्या पुढची ओळ तरतुदींची. दिलेल्या कर्जातलं किती बुडेल, याचा अंदाज करून तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढायची. त्याला नियम आहेतच. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत; लांब मुदतीच्या पिकाचं कर्ज असेल तर एक हंगाम थकल्यावर; मग पंधरा टक्के, पंचवीस, चाळीस, आणि शेवटी शंभर टक्के तरतूद. पण कर्ज थकलं हे आधी कबूल तर करायला हवं. खरी गोम तिथंच आहे.

ती मोठ्या बँकांच्या अहवालात समजण्याआधी मला एका गावच्या सोसायटीत समजली. गावाचं नाव नको. एकतीस मार्च उलटून गेल्यावर मी रोजकीर्द तपासत होतो. त्या एका तारखेच्या पानावर जमेच्या बाजूला ओळीने कर्जवसुली : जुनं मुद्दल अधिक व्याज, शेवटच्या रुपयापर्यंत. नावेच्या बाजूला त्याच माणसांना त्याच क्रमाने नवं कर्ज, आणि रक्कम जुन्यापेक्षा व्याजाएवढी जास्त. सगळं एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईत. सचिवांच्या थकबाकी यादीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या; ज्यांच्यापुढे खूण, ते सगळे या पानावर हजर. आमच्याकडे याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात आणि ते कोणी लाजून सांगत नाही. कर्जदार दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणतो, सकाळी भरतो, दुपारी नवं कर्ज उचलतो, संध्याकाळी उसने फिटतात. संस्थेत नवा पैसा आलाच नाही. पण थकबाकी कमी, तरतूद कमी, नफा जास्त, आणि वार्षिक सभेत चांगला लाभांश जाहीर. मी शेरा लिहिला. चहा घेताना अध्यक्ष म्हणाले, ‘लिवा की साहेब, तुमचं कामच हाय ते.’

या सोसायटीचा शेअर बाजारात असता, तर त्या साली तिचा पीई किती देखणा दिसला असता!

मोठ्या बँकांनी हेच मोठ्या आकड्यांत केलं. २०१० च्या पुढेमागे पोलाद, वीज, रस्ते यांना दिलेली कर्जं थकायला लागली, तशी त्यांची मुदत वाढव, पुनर्रचना कर, हप्ता पुढे ढकल, असं चालू झालं. शब्द इंग्रजी, काम नव्या-जुन्याचंच. मग २०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्तेची तपासणी लावली. मोठी कर्जं बँकांच्या वह्यांतून स्वतः काढून बघितली आणि थकलंय त्याला थकलंय म्हणा, तरतूद करा, असं बजावलं. त्यानंतरच्या दोन-तीन सालांत जे बाहेर आलं ते वहीत आहे. स्टेट बँकेची ढोबळ एनपीए २०१८ च्या मार्चला १०.९१ टक्के. त्या साली साडेसहा हजार कोटींचा तोटा. माझ्या वहीत त्या वर्षीच्या पीईच्या रकान्यात आडवी रेघ आहे. तोट्याने भागून आलेल्या उणे आकड्याला काही अर्थ नसतो.

आता २०१९ ची ओळ परत बघू. ढोबळ नफा सुमारे ५५ हजार ४०० कोटी. तरतुदी सुमारे ५३ हजार ८०० कोटी. कर जाऊन उरले ८६२ कोटी. ते ८९२ कोटी शेअरांत वाटले की सत्त्याण्णव पैसे. २०२३ मध्ये ढोबळ नफा सुमारे ८३ हजार ७०० कोटी, तरतुदी फक्त साडेसोळा हजार, आणि निव्वळ नफा पन्नास हजार कोटींच्या वर. बँकेची रोजची कमाई चार वर्षांत दीडपट झाली. निव्वळ नफा मात्र अठ्ठावन्न पट. मधला सगळा फरक तरतुदींचा.

म्हणून मी एक वेगळा भागाकार करून ठेवतो. सगळ्या शेअरांची मिळून बाजारातली किंमत भागिले ढोबळ नफा. २०१९ ला तो येतो पाचाच्या जरा वर. २०२३ ला साडेपाच. २०२५ ला सव्वासहा. पीईची रेघ तीनशे तीसवरून नवावर कोसळली त्याच काळात हा आकडा, कोरोनाचं साल सोडलं तर, जागच्या जागी चुळबुळत होता. म्हणजे बाजाराने ही बँक कधी तीनशे तीस पटींना विकत घेतलीच नव्हती. तरतुदींची ही कळ कधीतरी संपेल, असं धरूनच लोक तीनशे वीस रुपये मोजत होते.

हे भाच्याला फोनवर सांगत होतो तेव्हा शेजारचे अण्णा पीककर्जाचे कागद घेऊन बसले होते. त्यांची दूधगंगेच्या काठाला ऊसाची जमीन. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगेचं पाणी शिवारात शिरलं, पुणे-बेंगळुरू हमरस्ता बंद पडला, तेव्हा त्यांचा ऊस उभ्याने कुजला होता. ऐकून म्हणाले, ‘काय गा, पुराच्या सालच्या टनेजवर जमिनीचा भाव काढतंय होय कोण? त्या साली माझ्या रानाला कोण फुकट तरी घेतलं असतं काय, पण मी दिली असती होय?’ सत्त्याण्णव पैशांचा हिशोब याहून नीट मला सांगता आला नसता. फक्त एक पुरवणी जोडतो : पुराचं साल शेतात दिसतं, पाणी दिसतं. बँकेत आधीच्या सुगीच्या सालांतही थोडं पाणी शिरलेलं असतं आणि ते कुणी दाखवत नाही.

त्यामुळे मला २०१९ च्या तीनशे तीसपेक्षा २०१५ चा पंधरा जास्त खोटा वाटतो. २०१५ च्या मार्चअखेर शेअर २६७ च्या आसपास, शेअरमागे नफा साडेसतरा, पीई पंधरा. किती शहाणा, मध्यममार्गी आकडा. कुणालाही तो बघून धोका वाटला नसता. पण त्या साडेसतरा रुपयांत पुढच्या चार वर्षांच्या तरतुदी न काढता ठेवलेल्या होत्या. तीनशे तीस निदान ओरडून सांगतो की इथं काहीतरी झालंय, थांबून बघ. पंधरा गप्प बसतो.

पीई गप्प बसल्याचं दुसरं उदाहरण २०२० चं. कोरोनाच्या मार्चमध्ये शेअर १९७ वर आला होता. पीई बारा. २०२४ च्या मार्चला शेअर ७५२, पीई अकरा. पीईच्या आलेखात हे दोन ठिपके जवळजवळ एका पातळीवर पडतात. एका ठिपक्यावर लोक जीव मुठीत धरून घरात बसलेले, दुसऱ्यावर सगळे खुशीत. ढोबळ नफ्याचा भागाकार मात्र २०२० ला अडीचवर आला होता, वर्षभरापूर्वीच्या निम्मा. तेव्हा खरोखरच भीतीने भाव पडला होता आणि ते या आकड्यात दिसतं. पीईत दिसत नाही, कारण भाव पडला त्याच साली तरतुदी हलक्या झाल्याने नफाही वाढलेला होता. एस्सार स्टीलसारखी दिवाळखोरी कायद्याखालची जुनी प्रकरणं २०१९ च्या डिसेंबरात सुटली आणि बुडीत धरलेला पैसा बँकांकडे परत आला, त्याचाही हातभार.

सगळ्या बँकांची गोष्ट अशीच असते असं नाही. आमच्या भागाला जवळची म्हणजे रत्नाकर बँक. १९४३ साली कोल्हापूर आणि सांगली अशा दोन शाखांनी सुरू झालेली, पुढे आरबीएल नावाने मुंबईत गेली, २०१६ मध्ये २२५ रुपयांनी तिचा शेअर बाजारात आला. या पट्ट्यात बऱ्याच घरांत तिचे कागदी शेअर होते, आजोबांनी घेतलेले, कपाटात विसरलेले. २०१९ च्या मार्चअखेर बाजार तिला नफ्याच्या तीसपटींहून जास्त किंमत देत होता. हा तीस आणि स्टेट बँकेचा तीनशे तीस यांची जात वेगळी. इथं खालचा आकडा बरा होता, ८६७ कोटींचा नफा; वरचा आकडा उत्साहाने फुगला होता. पुढे थकबाकी वाढली, २०२१-२२ साली तोटा झाला आणि २०२२ च्या जूनमध्ये शेअर शंभराच्या खाली गेला.

तिच्या ओळीत अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०२३-२४ मध्ये बँकेचा नफा ११६८ कोटी झाला, २०१८-१९ पेक्षा बराच जास्त. पण शेअरमागे नफा तेव्हा विसाच्या किंचित वर होता, तो २०२३-२४ ला विसाच्या किंचित खाली. मधल्या अडचणीत बँकेने नवे शेअर काढून भांडवल उभं केलं होतं, वाटेकरी वाढले. बँकेला वाढायचं असेल किंवा तगायचं असेल, दोन्हीसाठी भांडवल लागतं. म्हणून ‘नफा इतका वाढला’ या बातमीच्या शेजारी शेअरांची संख्या लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. (आता दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिच्यात साठ टक्के हिस्सा घेण्याचा करार २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर केलाय. कोल्हापूरहून दुबई, कपाटातल्या कागदांनी काय काय बघायचं!)

एचडीएफसी बँकेवर फार लिहीत नाही, तिच्यावर सगळेच लिहितात. २०१९ ला पीई एकोणतीसच्या घरात, २०२४ ला विसाच्या खाली. एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी २०२३ च्या जुलैत तिच्यात विलीन झाली, ते धरून नफा जवळजवळ तिप्पट, शेअरांची संख्याही वाढलेली, आणि भाव पाच वर्षांत जेमतेम पाव पट वर. इथं तरतुदींनी काही उलथापालथ केली नाही. बाजाराने कौतुक कमी केलं, इतकंच.

आलेखातल्या काही उड्या तर निव्वळ कारकुनी असतात. स्टेट बँकेचा दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर २०१४ च्या नोव्हेंबरात एक रुपयाचा झाला, म्हणजे एका शेअरचे दहा झाले. जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणातला भाव नव्या नफ्याने भागला तर गोंधळ ठरलेला. २०२१ च्या मार्चअखेर राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टी या आपल्या निर्देशांकाचा पीई एकट्या कंपनीच्या नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तर तो एका रात्रीत चाळीसवरून तेहतीसवर आला. बाजार त्या दिवशी जेमतेम टक्काभर हलला होता. स्टेट बँकेचेही मी वर दिलेले आकडे एकट्या बँकेचे आहेत. विमा, क्रेडिट कार्ड, म्युच्युअल फंड या तिच्या उपकंपन्या धरल्या तर २०१९ चा तीनशे तीस बराच उतरतो, तरी शंभराच्या वरच राहतो.

आणि विलीनीकरणं. बेळगावातल्या कुठल्याही बाजाररस्त्याला चक्कर मारा, पाट्याच हा विषय सांगतात. बेळगाव बँक नावाची स्वतःची बँक होती, ती सत्तरच्या दशकात युनियन बँकेत गेली. सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयमध्ये. २०१७ ला स्टेट बँक ऑफ मैसूर स्टेट बँकेत, २०१९ ला विजया बँक बँक ऑफ बडोदात, २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत. पिग्मीचे पैसे गोळा करणारी पद्धत ज्या सिंडिकेटने १९२८ मध्ये काढली, तिचं नाव पाटीवरून गेलं, पिग्मी एजंट अजून दुपारी दुकानादुकानांतून फिरतो. कॅनराचा वीस वर्षांचा पीई बघणारा माणूस २०२० च्या आधी एक बँक बघत असतो आणि नंतर दुसरी.

भाच्याला सरासरी काढायची हौस. ‘मामा, पाच वर्षांचा सरासरी पीई काढला, शहात्तर आला. आता त्यापेक्षा कितीतरी खाली आहे, म्हणजे लईच स्वस्त की.’ २०१९ ते २०२३ या पाच सालांचे पीई : तीनशे एकतीस, बारा, सोळा, चौदा, नऊ. सरासरी शहात्तर येते हे खरं. पण त्या पाचांतल्या चार सालांत मार्चअखेरचा पीई सोळाच्या वर गेलाच नाही, मग शहात्तर कुठून ‘नेहमीचा’ झाला? चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर चौदा येतो. तो निदान कुठल्यातरी सालचा आहे.

मला स्वतःला भागाकार उलटा करायला आवडतं. नफा वर, भाव खाली. २०१९ ला शंभर रुपये गुंतवले तर बँकेने त्यावर तीस पैसे कमावले, २०२३ ला पावणेअकरा रुपये, आणि २०१८ ला तीन रुपये गमावले. हा उलटा आकडा शून्याखाली गेला तरी वाचता येतो, आडवी रेघ मारावी लागत नाही. ठेवीच्या व्याजाशेजारीही तो लगेच ठेवता येतो. आमच्याकडे बहुतेक लोक अजून त्याच भाषेत विचार करतात.

दहा वर्षांच्या सरासरी नफ्याने भागायची पद्धत अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी गाजवली. ती सबंध बाजाराला बरी लागू पडते. एकट्या बँकेला लावली की अडचण होते. दहाऐवजी २०१५ ते २०१९ ही पाचच सालं धरली, तर स्टेट बँकेचा सरासरी शेअरमागे नफा साडेसात रुपयांच्याही खाली. त्याने तीनशे वीसला भागलं तरी त्रेचाळीस येतात. कारण त्या पाचांतली बहुतेक सालं आजारी, आणि पहिलं ठणठणीत दिसणारं साल तर औषध न घेतलेलं. अशा वेळी मी नफा बाजूला ठेवतो आणि पुस्तकी किमतीकडे, म्हणजे ताळेबंदात देणी वजा जाता शेअरमागे उरणाऱ्या रकमेकडे, वळतो. त्यातूनही ज्या थकीत कर्जावर अजून तरतूद नाही ते वजा करून. काम किचकट आहे, पण अहवालात सगळे आकडे मिळतात.

आता वहीत पुढचा अडथळा येऊ घातलाय. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या ऑक्टोबरात अपेक्षित तोट्यावर आधारलेल्या तरतुदींचा मसुदा काढला, १ एप्रिल २०२७ पासून लागू करण्याच्या प्रस्तावासह. आजवर कर्ज थकलं की तरतूद. यापुढे थकण्याची शक्यता वाढली की तरतूद, हप्ते वेळेवर येत असले तरी. पुराची बातमी आली की कुठल्या तालुक्यातली किती कर्जं डळमळतील याचा हिशोब बँकेला पावसाळ्यातच मांडावा लागेल. तत्त्व म्हणून मला हे पटतं; एकतीस मार्चच्या त्या निळ्या शाईला थोडा तरी चाप बसेल. पण अंदाजाची सूत्रं बँकेबँकेची वेगळी असतील आणि खालचा आकडा आजच्यापेक्षा जास्त मतांवर अवलंबून राहील, हेही दिसतंय. २०२८ च्या मार्चचा पीई २०२३ च्या नवाशेजारी ठेवायचा कसा, हे मला अजून ठरवायचंय. भाचा म्हणतो नवी शीट उघडू. मी सध्या वहीत तरतुदींच्या रकान्याशेजारी अजून एक उभी रेघ मारून ठेवली आहे, कुठल्या नियमाने काढलेली तरतूद ते लिहायला. पण पानाची रुंदी पुरत नाही, म्हणून पुढची वही आडव्या पानांची आणायला सांगितलीय.